मी तर कोणाला गुलाम केलं नाही

गुलामगिरीच्या भरपाईचा विषय निघाला, की लंडनमध्ये, ॲमस्टरडॅममध्ये किंवा अमेरिकेतल्या एखाद्या लहानशा गावात एक प्रश्न हमखास विचारला जातो. मी कोणाला गुलाम केलं नाही, माझ्या वडिलांनीही केलं नाही, ज्यांचा छळ झाला तेही आता हयात नाहीत. मग माझ्या करातून कोणाला आणि कशासाठी पैसे द्यायचे? हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा मनापासून गोंधळलेला असतो. त्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरीही आहे. आजोबांच्या गुन्ह्यासाठी नातवाला तुरुंगात टाकणं आपल्यापैकी कोणालाच पटणार नाही.

तरीही या प्रश्नाला उत्तर आहे, आणि टप्प्याटप्प्याने गेलं तर ते समजायला अवघड नाही. इथे मी मुख्यतः अटलांटिक महासागराच्या वाटेने चाललेल्या गुलामांच्या व्यापाराबद्दल बोलणार आहे. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबून अमेरिका खंडांकडे नेली गेली. त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली. उरलेल्यांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी ऊस, तंबाखू, कापूस पिकवला. हे आकडे इतके प्रचंड आहेत, की वाचून मन बधिर होतं. म्हणून सुरुवात एकाच कुटुंबाच्या हिशेबाने करू.

१. जॉर्डन अँडरसनचा हिशेब

१८६५ चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. ओहायो राज्यातल्या डेटन गावात जॉर्डन अँडरसन नावाचा माणूस बायको मँडी आणि मुलांसह राहत होता. त्याआधी तो टेनेसी राज्यात एका कर्नल अँडरसनच्या मालकीचा होता. आडनावही मालकाचंच लागलेलं. युद्धानंतर शेतावर माणसं मिळेनात, तेव्हा या कर्नलने त्याला पत्र धाडलं, की परत ये, तुला नीट वागवीन.

जॉर्डनने उत्तर सांगून लिहवून घेतलं आणि ते त्या काळच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. आपल्याला इथे महिना २५ डॉलर पगार आणि वर अन्नवस्त्र मिळतं, मुलं शाळेत जातात, मँडीला लोक मिसेस अँडरसन म्हणतात, असं त्याने कळवलं. मग तो मुद्द्यावर आला. तुमचा हेतू चांगला असेल, तर आधी आमची मागची मजुरी पाठवा. मी तुमच्याकडे ३२ वर्षं राबून काढली आणि मँडीने २०. माझी मजुरी महिना २५ डॉलर धरली, तर २५ गुणिले १२ गुणिले ३२, म्हणजे ९,६०० डॉलर. मँडीची आठवड्याला २ डॉलर धरली, तर २ गुणिले ५२ गुणिले २०, म्हणजे २,०८० डॉलर. एकूण ११,६८०. त्यावर इतक्या वर्षांचं व्याज मिळवा, आणि तुम्ही आम्हाला दिलेले कपडे, माझ्यासाठी तीनदा बोलावलेला डॉक्टर आणि मँडीचा उपटलेला एक दात यांचा खर्च वजा करा. राहील ती आमची बाकी.

या पत्रातला तो दात मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला ३२ वर्षं एक पैसा मिळाला नाही, तो माणूस समोरच्याच्या बाजूची वजावट स्वतःहून मांडतो. मुलींच्या अब्रूचं तिथे काय होईल, हेही तो त्याच पत्रात विचारतो. त्या गोष्टीचा हिशेब आकड्यांत होत नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. जॉर्डन १९०७ मध्ये डेटनलाच वारला.

भरपाईची मागणी आजकालच्या चळवळ्यांनी उकरून काढली, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती पहिल्या दिवसापासून होती. १८६५ च्या जानेवारीत अमेरिकी सैन्याच्या जनरल शर्मनने दक्षिणेतल्या राज्यांच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत वाटून देण्याचा हुकूम काढला. सुमारे ४० हजार माणसं त्या जमिनींवर जाऊन कसूही लागली. लिंकनच्या खुनानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मालकांना परत देऊन टाकल्या.

पुढे टेनेसीतल्या नॅशव्हिल शहरात कॅली हाऊस नावाची एक विधवा कपडे धुऊन पाच मुलं वाढवत होती. तिचा जन्मच गुलामीतला. सैनिकांना पेन्शन मिळतं, मग जन्मभर फुकट राबलेल्या म्हाताऱ्यांना का नको, असं म्हणून तिने देशभर संघटना उभी केली. सभासदांच्या लहानलहान वर्गणीतून आजाऱ्यांना मदत आणि मेलेल्यांचा अंत्यविधी होई, उरलेला पैसा पेन्शनच्या कायद्यासाठी खटपट करण्यात जाई. सरकारने तिच्यावर टपालातून फसवणूक केल्याचा आरोप ठेवला. जे पेन्शन मिळण्याची शक्यताच नाही त्याची आशा ती लोकांना दाखवते, असा तो आरोप. १९१७ मध्ये तिला तुरुंगात पाठवलं. पीडित जिवंत होते तेव्हा मागणी दडपली गेली, आणि आज त्याच मागणीला ‘आता पीडित कुठे आहेत’ असं उत्तर दिलं जातं.

२. भरपाई दिली गेली, पण कोणाला?

भरपाई देणं व्यवहारात शक्यच नाही, असंही म्हटलं जातं. ती एकदा दिली गेलेली आहे, आणि अत्यंत चोखपणे.

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो लागू झाला आणि कॅरिबियन बेटं, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका इथल्या सुमारे आठ लाख माणसांची सुटका ठरली. त्याच कायद्याने दोन कोटी पौंड भरपाई मंजूर केली. सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या जवळजवळ ४० टक्के एवढी ही रक्कम होती. ती सगळी मालकांना मिळाली, त्यांची ‘मालमत्ता’ गेली म्हणून. सरासरी काढली, तर माणशी २५ पौंड पडतात. पण सरसकट दर नव्हता. बाजारात गुलामाला जिथे जास्त भाव, तिथे भरपाईही जास्त. जमैकात माणशी २० पौंडांच्या आसपास, तर ब्रिटिश गयानामध्ये ५० च्या आसपास, कारण तिथल्या नव्या, सुपीक उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडत होते.

सुटलेल्या माणसाला काही मिळालं नाही. उलट त्याने आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे ‘शिकाऊ’ म्हणून आठवड्याचे ४० तासांहून अधिक बिनपगारी राबायचं, अशी कायद्यातच तरतूद होती. ती १८३८ मध्ये रद्द झाली. सुटकेची किंमत काही अंशी गुलामांनीच आपल्या मजुरीतून भरली, असा याचा अर्थ होतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या इतिहासकारांनी या भरपाईच्या मूळ नोंदी उघडून अर्जदारांची यादी सर्वांसाठी खुली केली. सुमारे ४६ हजार दावे निघाले. त्यांत सरदार होते, पाद्री होते, आणि एकदोन गुलामांच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्या विधवाही होत्या. मोठ्या रकमा घेणाऱ्यांत जॉन ग्लॅडस्टन हे नाव आहे. पुढे चारदा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे हे वडील. २,५०८ माणसांच्या बदल्यात त्यांना १,०६,७६९ पौंड मिळाले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन कोटींपैकी दीड कोटी पौंड सरकारने कर्ज काढून उभे केले. ज्या रोख्यांत ते कर्ज पुढे सामावलं गेलं, ते रोखे २०१५ मध्ये फेडले गेले. म्हणजे १८० वर्षं ब्रिटनमधला प्रत्येक करदाता गुलामांच्या मालकांना दिलेल्या भरपाईचा बोजा थोडाथोडा उचलत होता. त्यात जमैकाहून आलेल्या गुलामांच्या वंशजांचे कर आले. १९६०-७० च्या दशकांत मुंबई-पुण्याहून जाऊन तिथल्या सरकारी दवाखान्यांत नोकरी केलेल्या मराठी डॉक्टरांचेही आले. त्यांच्यापैकी कोणी कधी गुलाम ठेवला नव्हता. पण राज्याचं जुनं देणं नागरिक म्हणून आपल्यावर येतं, यावर तेव्हा कोणी हरकत घेतली नाही.

हैतीची गोष्ट याहून वाईट आहे. तिथल्या गुलामांनी फ्रेंच सैन्य हरवून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. मळेवाल्यांचं नुकसान भरून द्या, तरच तुमचं राज्य मान्य करू, अशी अट होती. पुढे ही रक्कम ९ कोटींवर आली, तरी ती भरण्यासाठी घेतलेली कर्जं आणि त्यांवरचं व्याज फेडायला हैतीला १९४७ उजाडलं.

३. गुन्हा एकाचा, देणं सगळ्यांचं

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. एक आहे गुन्हा, दुसरी जबाबदारी.

कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने दुसरं महायुद्ध संपताच हायडलबर्गच्या विद्यार्थ्यांसमोर याच विषयावर व्याख्यानं दिली. त्याची पत्नी ज्यू होती. नाझी राजवटीत दोघं जीव मुठीत धरून जगली होती. समोर बसलेल्या तरुणांपैकी अनेकांनी स्वतः कोणाला मारलं नव्हतं. यास्पर्सने दोषाचे चार प्रकार सांगितले, पण आपलं काम त्यांतल्या दोनांवर भागतं. पहिला फौजदारी: ज्याने केलं, त्यानेच भोगायचं, तो मुलाकडे जात नाही आणि संपूर्ण राष्ट्रालाही चिकटत नाही. दुसरा राजकीय: एखाद्या राज्याचा मी नागरिक असेन, तर त्या राज्याने केलेल्या कृत्यांचे परिणाम निस्तरण्यात माझाही वाटा असतो, मी स्वतः निर्दोष असलो तरी. १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने इस्रायलला ३ अब्ज मार्क देण्याचा करार केला तेव्हा तो पैसा कोणाचाही छळ न केलेल्या, कधीकधी तेव्हा स्वतःच लहान मूल असलेल्या जर्मन नागरिकांच्याही करातून येणार होता.

गावाकडे जमीन असलेल्या वाचकाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळेल. वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढलं आणि ते वारले. तलाठ्याकडे वारसनोंद होते, मुलांची नावं लागतात, आणि इतर हक्कांच्या रकान्यातला सोसायटीचा बोजा तसाच राहतो. मुलांना कोणी कर्जबुडवे म्हणत नाही. बापाच्या व्यवहारासाठी त्यांना कोणी शिक्षाही करत नाही. पण जमीन आम्हाला हवी आणि बोजा वडिलांचा, असं म्हणता येत नाही. कायद्यात याला मर्यादाही आहे. वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच देणं लागतं. मुलाने स्वतः कमावलेल्या पगाराला हात लागत नाही.

ही मर्यादा मला मोलाची वाटते. तिच्यामुळे चर्चेतला राग कमी होतो. लिव्हरपूलच्या एखाद्या गरीब गोऱ्या कामगाराच्या पूर्वजांना साखरेच्या पैशातून काही मिळालं नसेल, तर त्याच्या कातडीच्या रंगावरून त्याच्याकडे बोट दाखवण्याचं कारण उरत नाही. देणं शोधायचं ते वारसा जिथे साठला आहे तिथे: राज्याच्या तिजोरीत, बँका आणि विमा कंपन्यांच्या भांडवलात, चर्चच्या निधीत, विद्यापीठांच्या इमारतींत.

४. संस्था मरत नाहीत

माणूस सत्तर-ऐंशी वर्षांत जातो. संस्था तीनशे वर्षंही टिकते, तेच नाव लावते, जुन्या देणग्यांवर चालते आणि स्थापनेचा वर्धापनदिन साजरा करते. जुनं श्रेय घेणाऱ्या संस्थेला जुनं देणं टाळता येत नाही. वॉशिंग्टनचं जॉर्जटाउन विद्यापीठ हे याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण आहे.

हे विद्यापीठ जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या संघाचं. मेरिलँडमध्ये या संघाचे मळे होते आणि त्यांवर गुलाम राबत. १८३८ मध्ये जॉर्जटाउन कॉलेज कर्जात बुडालं होतं. संघाचे प्रांतप्रमुख टॉमस मलेडी यांनी २७२ माणसं लुइझियानातल्या दोन मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकली. माणशी ४२३ डॉलरच्या आसपास भाव पडला. करारात नावं आणि वयं लिहिलेली आहेत. पहिलंच नाव आयझॅक, वय ६५. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, ४०. मुलगी नेली, ३८. त्याच यादीत १३ वर्षांचा कॉर्नेलियस आहे. रोमच्या वरिष्ठांनी अटी घातल्या होत्या: कुटुंबं फोडायची नाहीत, माणसांना धर्माचरण करता यावं, आणि आलेला पैसा कर्ज फेडण्यात घालवायचा नाही. कुटुंबं फुटली, आणि पहिल्या हप्त्यातला पैसा कॉलेजच्या कर्जाकडेच गेला.

लुइझियानात गेलेले सगळे तापाने मरून गेले, अशी समजूत विद्यापीठात बरीच वर्षं होती. २०१५ च्या सुमारास एका माजी विद्यार्थ्याला ती पटली नाही आणि त्याने वंशावळी शोधायला माणसं लावली. इथे एक विलक्षण गोष्ट कामी आली. पाद्र्यांनी आपल्या गुलामांचे बाप्तिस्मे आणि लग्नं वहीत नोंदवून ठेवली होती, आणि विकले गेल्यावरही त्यांच्यातल्या अनेक घराण्यांनी कॅथलिक धर्म सोडला नाही. चर्चच्या वह्या जुळवत गेल्यावर हजारो वंशज सापडले. लुइझियानातल्या मॅरिंग्विन गावच्या कॅथलिक दफनभूमीत तेरा वर्षांच्या त्या कॉर्नेलियस हॉकिन्सची कबर मिळाली. त्याचे वंशज आजूबाजूलाच राहत होते, आणि आपल्या पूर्वजाचा या नामांकित विद्यापीठाशी काय संबंध होता याची त्यांना गंधवार्ताही नव्हती.

एप्रिल २०१७ मध्ये विद्यापीठाने आणि जेझुइट संघाने वंशजांसमोर जाहीर माफी मागितली. मलेडीचं नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्सचं नाव दिलं. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारी सवलत या वंशजांनाही लागू केली. त्याहून मोठी गोष्ट एप्रिल २०१९ मध्ये घडली. प्रत्येकाने दर सत्राला २७ डॉलर २० सेंट जादा फी भरून वंशजांसाठी निधी उभारायचा का, यावर विद्यार्थ्यांनी मतदान केलं. २७२ वरून काढलेला हा आकडा होता. सुमारे दोनतृतीयांश मतं होकाराची पडली. मत देणाऱ्यांत सगळ्या वर्णांची आणि अनेक देशांतून आलेली मुलं होती. या संस्थेची पदवी मी घेणार, म्हणून तिच्या देण्यातही माझा वाटा आहे, एवढाच त्यांचा विचार होता, आणि माझ्या मते सामूहिक जबाबदारीची याहून स्वच्छ समजूत कुठे सापडणार नाही.

२०२१ मध्ये जेझुइट संघाने वंशजांबरोबर स्थापलेल्या प्रतिष्ठानासाठी १० कोटी डॉलर उभारण्याचं वचन दिलं. वंशजांनी मांडलेलं अंतिम उद्दिष्ट १ अब्जाचं आहे. पैसा ठरल्यापेक्षा सावकाश येतो, ही वंशजांची तक्रारही त्यानंतर जाहीरपणे पुढे आली.

५. दोन नेहमीच्या हरकती

आफ्रिकेतल्याच राजांनी माणसं विकली ना, असं विचारलं जातं. होय, विकली. डाहोमेच्या राज्याने विडा बंदरातून गुलामांचा मोठा व्यापार केला. ते राज्य जिथे होतं, त्या आजच्या बेनिन देशाचे अध्यक्ष मातियू केरेकू यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जाऊन कृष्णवर्णीयांची माफी मागितली. देणेकरी अनेक निघाले म्हणून कोणा एकाचा हिस्सा शून्य होत नाही. उलट केरेकूंनी आपल्या देशाच्या वाट्याचं कबूल केल्यावर लंडन-पॅरिसला गप्प बसणं अवघड व्हायला हवं होतं.

दुसरी हरकत काळाची: दीडशे वर्षांपूर्वी संपलं, आता विसरा. पण संपलं काय? अमेरिकेत गुलामगिरीनंतर मतदानाचा हक्क हिरावला गेला, शाळा वेगळ्या ठेवल्या गेल्या, आणि १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवून तिथे गृहकर्ज देणं धोक्याचं ठरवलं गेलं. अमेरिकन मध्यमवर्गाची बचत घरात असते. ज्याला घर घेता आलं नाही, त्याच्या मुलांना त्या घरावर कॉलेजचं कर्ज काढता आलं नाही. हे भोगलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

६. आपल्यापर्यंत येणारे धागे

मराठी वाचकाला हा सगळा परक्यांचा कज्जा वाटण्याची शक्यता आहे. तसा तो नाही.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेताना युरोपी व्यापारी ज्या वस्तू देत, त्यांत हिंदुस्थानी सुती कापड आणि मालदीवच्या कवड्या यांचा वाटा मोठा होता. गोव्यात तर गुलामांचा बाजार भरे, आणि सोळाव्या शतकाच्या शेवटी तिथे राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने त्याचं वर्णन केलं आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले, आणि तिथून आणलेली माणसं गोव्याच्या घराघरांत राबत. त्यांतले जे पळून घाट चढून गेले, त्यांच्या वंशजांची गावं आजही कारवारच्या बाजूला यल्लापूर, हल्याळ भागात आहेत. या सिद्दी समाजाच्या घरांत कोकणी बोलली जाते. कर्नाटकातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ मध्ये मिळाला. गोव्याचा जो वारसा आपण इतक्या प्रेमाने सांगतो, त्यात हे लोकही येतात.

१८३३ च्या त्या ब्रिटिश कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख मुद्दाम वगळला होता. इथल्या गुलामीचा कायदेशीर आधार काढून घेतला तो १८४३ च्या कायद्याने. आणि जॉन ग्लॅडस्टन? गुलाम सुटणार, आता ऊस कोण तोडणार, या चिंतेत त्यांनी कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून मजूर मागवले. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ ही जहाजं छोटा नागपूरकडच्या आणि इतर गरीब माणसांना घेऊन मे १८३८ मध्ये ब्रिटिश गयानाला लागली. अशा कराराने नेलेल्या, म्हणजे गिरमिटिया, मजुरांची कॅरिबियनमधली कहाणी तिथून सुरू होते.

महाराष्ट्रात हा विषय सर्वांत आधी आणि सर्वांत नेमका कोणाला कळला असेल, तर जोतीराव फुल्यांना. १८७३ मधलं आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी आशा तिथेच लिहिली. ज्यांना व्यवस्थेचा फायदा मिळतो त्यांनी स्वतः काही सोसून ती मोडायला पुढे यावं, ही अपेक्षा त्यात स्पष्ट आहे. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून, अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. अस्पृश्यांसाठी तसंच पाऊल उचलण्याचा त्यांचा विचार होता. मी जात पाळत नाही, मग आरक्षणाचा भार माझ्या मुलाने का सोसायचा, असं आपल्याकडे ज्या सहजपणे विचारलं जातं, त्यालाही तिसऱ्या भागातलं उत्तर शब्दशः लागू पडतं. ते वाचताना दुखलं, तर दुखू द्यावं.

७. किती, कोणाला, कसं

जबाबदारी मान्य झाली, तरी रकमेचा प्रश्न उरतो. जॉर्डनसारखी मजुरी मांडायची, की मालकांना मिळालेली भरपाई आजच्या किमतीत आणायची, की आज दिसणारी संपत्तीतली तफावत मोजायची? प्रत्येक रीतीने आकडा वेगळा येतो आणि अर्थतज्ज्ञांत एकमत नाही. म्हणून थांबून राहण्याचं कारण नाही. अपघाताच्या दाव्यातही गेलेल्या जिवाची खरी किंमत कोणाला काढता येत नाही आणि तरी न्यायालय रक्कम ठरवतं.

आजवर ज्यांनी काही केलं, त्यांनी बहुतेक आधी आपल्या वह्या उघडल्या. ग्लासगो विद्यापीठाने आपल्याला गुलामगिरीच्या पैशातून किती देणग्या मिळाल्या हे शोधून जाहीर केलं, आणि २०१९ मध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाबरोबर २० वर्षांत २ कोटी पौंडांचं संशोधन उभारण्याचा करार केला. इंग्लंडच्या चर्चने आपल्या निधीचा उगम तपासल्यावर त्यातला पैसा गुलामांचा व्यापार करणाऱ्या साउथ सी कंपनीत गुंतला होता असं आढळलं. २०२३ च्या जानेवारीत १० कोटी पौंडांच्या निधीची घोषणा झाली. अमेरिकेतल्या इव्हान्स्टन शहराने तर प्रश्न स्वतःपुरता आखून घेतला. १९१९ ते १९६९ या काळात शहराच्या घरांसंबंधीच्या भेदभावाचा फटका बसलेल्या कृष्णवर्णीय रहिवाशांना आणि त्यांच्या वंशजांना घरासाठी २५ हजार डॉलर, आणि त्यासाठी पैसा गांजाच्या विक्रीवरच्या करातून. नेदरलँड्समध्ये पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजाने १ जुलै २०२३ ला माफी मागितली, आणि सरकारने २० कोटी युरो जागृतीच्या कामासाठी ठेवले.

ही यादी वाचताना माझ्या मनात एक कसोटी असते: ठरवताना वंशज खोलीत होते का? जॉर्जटाउनमध्ये सुरुवातीच्या समितीत त्यांना जागा नव्हती, आणि तो राग नंतर बराच काळ निवळला नाही. देणेकऱ्याने स्वतःच रक्कम ठरवायची, स्वतःच कामं निवडायची आणि स्वतःच समाधानी व्हायचं, याला परतफेड म्हणता येणार नाही. कॅरिबियन देशांच्या संघाने २०१४ मध्ये दहा कलमी मागणी मांडली. त्यात पहिलं कलम पूर्ण, औपचारिक माफीचं आहे, आणि पुढे सार्वजनिक आरोग्य, निरक्षरता, कर्जमाफी अशा गोष्टी आहेत. दरमाणशी रोख वाटपाचा तो आराखडा नाही, हे टीका करणाऱ्यांनी वाचायला हवं.

ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लॅडस्टन घराण्याचे वंशज गयानाला गेले. गुलामी आणि गिरमिटिया मजुरी, दोन्हींसाठी त्यांनी माफी मागितली आणि तिथल्या विद्यापीठातल्या संशोधनाला १ लाख पौंड देण्याचं कबूल केलं. आदल्या दिवशीच गयानाचे अध्यक्ष इरफान अली यांनी नुसत्या माफीवर भागणार नाही, भरपाईही हवी, असं बजावलं होतं. त्या वेळी निदर्शनंही झाली. एका कुटुंबाची माफी ठीक आहे, पण या सगळ्या व्यवहाराला कायदा, आरमार आणि तिजोरी पुरवणारं राज्य कुठे आहे? त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटिश पंतप्रधान ऋषी सुनाक यांनी संसदेत माफी आणि भरपाई दोन्हींना नकार दिला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआत भरलेल्या राष्ट्रकुलाच्या परिषदेत छोट्या देशांनी हा विषय अंतिम निवेदनात घालायला लावला. ब्रिटनने त्या निवेदनावर सही केली आहे, पण रकमेची बोलणी अजून सुरू झालेली नाहीत.